आत्याच्या खुब्यातली वाटी

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोलले तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं काढलंय.)

 

आज माझ्यासमोर टेबलावर एक छोटी डबी आहे. लघवीची तपासणी करायला देतात ना, तसली झाकणाची. तिच्यात एक प्लास्टिकची वाटी आहे. आमसुलाच्या सारासाठी ताटात जी लहान वाटी वाढतात, तिच्याहून थोडी लहान. एके काळी दुधासारखी पांढरी असणार, आता जुन्या स्विचबोर्डासारखी पिवळट झालीय. ही वाटी वीस वर्षं माझ्या आत्याच्या उजव्या खुब्यात होती. डिसेंबर २०२३ मध्ये ती बाहेर काढली, आणि आत्यानं डॉक्टरांकडून हट्टानं मागून घेतली. मला महिनाभरासाठी दिलीय, "हरवू नकोस, माझ्या अंगातली आहे" असं बजावून.

वाटीच्या आत बोट फिरवलं की कळतं, खळगा मधोमध नाहीये. वरच्या बाजूला सरकलाय. दगडी पाट्यावर वर्षानुवर्षं वाटण वाटलं की एका जागी खोलगट होतं बघा, तसं. मोजला तर साधारण ३ मिलिमीटर. वीस वर्षांत ३ मिलिमीटर. आता तुम्ही म्हणाल, एवढंच? मलाही आधी तेच वाटलं होतं. आणि मी तर डॉक्टर नसले तरी पॉलिमर शिकलेली आहे, म्हणजे मला तरी कळायला हवं होतं.

तर आजचा भाग या ३ मिलिमीटरांवर.

आधी रचना समजून घेऊ. खुब्याचा सांधा म्हणजे गोळा आणि खोबण. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोळा, आणि कमरेच्या हाडात त्याच्यासाठी खोबण. ऑपरेशनमध्ये खराब झालेला गोळा काढून टाकतात आणि मांडीच्या हाडात एक धातूचा दांडा ठोकून त्याच्या डोक्यावर नवा गोळा बसवतात, धातूचा किंवा सिरॅमिकचा. खोबणीत टायटॅनियमची एक कवटी बसते, नारळाच्या करवंटीसारखी. आणि त्या करवंटीच्या आत खटकन बसतं ते हे प्लास्टिकचं अस्तर. डॉक्टर त्याला लायनर म्हणतात. घरोघरी "बॉल बदलला", "वाटी बदलली" असं म्हणतात ना, त्यातली खरी वाटी ही. गोळा घासतो तो हिच्यावर.

प्लास्टिक कुठलं? ऐकून हसू नका, पॉलिथिन. दुधाच्या पिशवीचं भावंड. फरक साखळीच्या लांबीचा. पिशवीतल्या पॉलिथिनची साखळी आखूड असते, हिची प्रचंड लांब. रेणुभार ३५ लाख ते ६० लाखांच्या घरात. इतकी लांब की वितळवलं तरी हे प्लास्टिक वाहत नाही, साच्यात ओतता येत नाही. भुकटी दाबून ठोकळा करायचा आणि लेथवर कातायचा. त्या लांबीमुळेच ते चिवट.

आता हे खुब्यात आलं कसं, ती गोष्ट मला फार आवडते. इंग्लंडमध्ये लँकशायर परगण्यात राइटिंग्टन नावाचं हॉस्पिटल आहे, तिथे जॉन चार्नली नावाचे सर्जन होते. १९५० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी खुब्यासाठी टेफ्लॉन वापरायला घेतलं. हो, तव्यावरचं टेफ्लॉन. कल्पना चांगली होती: निसरडं आहे, घर्षण कमी. साधारण ३०० रुग्णांमध्ये टेफ्लॉनच्या वाट्या बसवल्या. रुग्ण खूश, वेदना गेल्या, लोक चालायला लागले. आणि दोन-तीन वर्षांत सगळं कोसळायला लागलं. टेफ्लॉन निसरडं होतं, पण झिजत भराभरा होतं. झिजलेल्या भुकटीभोवती शरीरात पनीरासारखे गोळे तयार होत होते. चार्नलींना त्या वाट्या एकेक करून काढाव्या लागल्या.

म्हणजे बघा, घर्षण आणि झीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे वाक्य आम्हाला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला शिकवतात, परीक्षेत लिहायला लावतात. चार्नलींनी ते ३०० माणसांच्या कमरेत शिकलं.

या माणसाची एक गोष्ट मात्र मानायला हवी. टेफ्लॉनची भुकटी शरीराला खरंच त्रास देते का, हे बघायला त्यांनी तिचे नमुने स्वतःच्या मांडीत घालून घेतले. काही महिन्यांनी त्या जागी गाठी हाताला लागायला लागल्या. १९६३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांनी हे छापलं.

पण त्याआधीच, १९६२ मध्ये, एक विक्रेता राइटिंग्टनच्या वर्कशॉपमध्ये येऊन गेला होता. लँकशायर म्हणजे कापड गिरण्यांचा मुलूख, आपल्या गिरणगावासारखाच. यंत्रमागांच्या दातेरी चाकांसाठी एक नवं जर्मन प्लास्टिक आलं होतं, ते तो विकत होता. वर्कशॉप सांभाळणारे हॅरी क्रेव्हन नावाचे तंत्रज्ञ होते, त्यांनी एक तुकडा ठेवून घेतला. चार्नलींनी त्यात नख रुतवून पाहिलं आणि वेळ घालवू नकोस म्हणून निघून गेले. क्रेव्हननं ऐकलं नाही. साहेब परदेशी गेले असताना त्यानं तुकडा झीज मोजायच्या यंत्राला लावला आणि रात्रंदिवस चालू ठेवला. तीन आठवड्यांत जेवढी झीज झाली, ती टेफ्लॉनच्या एका दिवसातल्या झिजेपेक्षाही कमी होती. नोव्हेंबर १९६२ मध्ये पहिल्या रुग्णाला या प्लास्टिकची वाटी बसली. आज जगभर दरवर्षी लाखो लोकांच्या खुब्यात तोच पदार्थ जातो, सुधारून. पुढे चार्नली 'सर' झाले. क्रेव्हनचं नाव मात्र आमच्या क्षेत्रातल्यांनाही सहसा माहीत नसतं. मला याचा राग येतो, असो.

चार्नलींनी अजून एक हुशारी केली होती, गोळा लहान ठेवला. २२ मिलिमीटरच्या किंचित वर. आधीचे त्यांचे गोळे जवळजवळ दुप्पट मोठे होते. लहान का? एक साधा हिशोब करू. गोळा वाटीत जेवढा आत रुतत जातो, तेवढ्या खोलीचा एक दंडगोल कोरला जातो असं धरा. वर्षाला ०.१ मिलिमीटर झीज. म्हणजे किती, तर झेरॉक्सच्या एका कागदाची जाडी. २२ च्या गोळ्याखाली वर्षाला साधारण ३९ घन मिलिमीटर प्लास्टिक निघतं. २८ च्या गोळ्याखाली ६२. ३६ च्या गोळ्याखाली १०२. झीज तेवढीच, एक कागद, पण भुकटी अडीचपट.

आणि खरा प्रश्न भुकटीचाच आहे. मला वाटायचं, वाटी झिजून झिजून भोक पडलं की सांधा बाद. टायर गुळगुळीत झाला की बदलायचा, तसं. आत्याच्या डॉक्टरांनी मला पहिल्यांदा सांगितलं, "वाटी जाड होती हो, अजून पाच मिलिमीटर शिल्लक आहे. काळजी वाटीची नाहीये."

मग कशाची? वर्षाला ६० घन मिलिमीटर म्हणजे पाण्याचा जेमतेम एक थेंब. पण हा थेंब एका तुकड्यात निघत नाही. त्याचे कण असतात, आणि बरेचसे कण एक मायक्रॉनपेक्षाही लहान. एक थेंब भागिले एवढासा कण, भागिले वर्षाची दहा लाख पावलं. झीज तपासायच्या यंत्रात एका वर्षाला साधारण तेवढीच धरतात. उत्तर येतं, प्रत्येक पावलाला काही लाख कण. आत्या देवघरातून स्वयंपाकघरात जाईपर्यंत कोट्यवधी.

आपल्या शरीरात सफाई करणाऱ्या पेशी असतात, जंतू गिळणाऱ्या. त्या हे कण गिळतात. जंतू असता तर पचवला असता. पॉलिथिन पचत नाही. दुधाची पिशवी गाईच्या पोटात पचत नाही, तशीच ही पेशीच्या पोटात पचत नाही. मग ती पेशी चिडते आणि रसायनं सोडून मदत मागवते. त्या हाकेला हाड विरघळवणाऱ्या पेशी जाग्या होतात. या पेशी एरवी आपल्या कामाच्याच, जुनं हाड काढून नव्याला जागा करणाऱ्या. पण इथे त्यांना कोणी थांबवतच नाही. वाटीच्या मागे, दांड्याच्या बाजूला हाड पोखरत जातं. वाळवी लागलेल्या चौकटीसारखं: वरून रंग शाबूत, आत पोकळ.

आणि दुखत नाही! हे नीट ऐका, कारण मी हा भाग यासाठीच करतेय. वाटी झिजते तेव्हा दुखत नाही. हाड पोखरलं जातं तेव्हाही बहुतेक वेळा दुखत नाही. दुखायला लागतं ते करवंटी किंवा दांडा सैल झाल्यावर, नाहीतर पोकळ झालेलं हाड मोडल्यावर. तोपर्यंत साधं ऑपरेशन अवघड झालेलं असतं.

हे कोडं उलगडायला डॉक्टरांनाही बराच काळ लागला. १९७६ मध्ये बॉस्टनच्या विल्यम हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडीच्या हाडात अशी मोठी पोकळी झालेले रुग्ण नोंदवले. तेव्हा सांधा हाडात बसवायला एक सिमेंट वापरत. लोकांनी ठरवलं, दोष सिमेंटचा. त्याला 'सिमेंटचा आजार' असं नावसुद्धा पडलं. मग सिमेंटशिवायचे सांधे आले. आणि सिमेंट नसलेल्या खुब्यांतही तशाच पोकळ्या दिसायला लागल्या. आरोपी सुटला, गुन्हे चालूच. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली प्लास्टिकचे कण सापडले आणि बोट खऱ्या जागी गेलं.

मग घाबरून काहींनी प्लास्टिकच नको म्हटलं. धातूवर धातू घासणारे सांधे आले. त्यातला एक, डीप्यू कंपनीचा एएसआर, ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवावा लागला, कारण त्यातून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरत होतं. भारतातही ते सांधे बसवले गेले होते, आणि भरपाईचा वाद केंद्र सरकारच्या समितीपर्यंत गेला. तो वेगळा भाग होईल, आज नको.

प्लास्टिकवाले मात्र गप्प बसले नव्हते, आणि आता माझा आवडता भाग येतोय. सहन करा.

वाटी शरीरात घालायची म्हणजे निर्जंतुक हवी. उकळून चालत नाही, वाकते. म्हणून गॅमा किरण मारायचे. वर्षानुवर्षं हेच चालत होतं, वाटी साध्या हवेच्या पाकिटात ठेवून किरण मारायचे. किरणांनी जंतू मरतात, पण प्लास्टिकच्या साखळ्याही काही ठिकाणी तुटतात. तुटलेली टोकं जोडीदार शोधत असतात. पाकिटात ऑक्सिजन असतो, तो येऊन चिकटतो. प्लास्टिक हळूहळू ठिसूळ होतं. गच्चीवरची प्लास्टिकची खुर्ची चार उन्हाळ्यांनंतर बसल्यावर कडकन मोडते, तसाच हा प्रकार, फक्त संथ. आणि हे कपाटात पडल्या पडल्यासुद्धा होत होतं! वाटी दुकानात जितकी वर्षं पडून, तितकी ती शरीरात जायच्या आधीच म्हातारी. १९९० च्या दशकाच्या मध्यात हे नीट लक्षात आलं, तेव्हा कंपन्यांनी पाकिटातून हवा काढून नायट्रोजनसारखे निष्क्रिय वायू भरायला किंवा किरणांऐवजी दुसऱ्या पद्धतीनं निर्जंतुक करायला सुरुवात केली.

मग त्याच हॅरिस यांच्या बॉस्टनच्या गटानं आणि एमआयटीतल्या एडवर्ड मेरिल यांनी हेच किरण उलटे वापरले. किरण जास्त मारायचे, निर्जंतुक करायला लागतात त्याच्या दोन-तीन पट. पण ऑक्सिजनला मध्ये येऊ द्यायचं नाही. तुटलेली टोकं मग एकमेकांनाच जोडली जातात, शेजारच्या साखळीला गाठ बसते. नंतर ठोकळा तापवायचा, म्हणजे उरलीसुरली मोकळी टोकंही शांत होतात.

गाठींचा फायदा काय? आपण चालताना गोळा वाटीत फक्त पुढे-मागे जात नाही, थोडा आडवाही फिरतो. पुढे-मागे घासलं की पृष्ठभागावरच्या साखळ्या एका दिशेला विंचरल्यासारख्या आडव्या होतात. त्या दिशेनं त्या मजबूत. पण मग आडवा धक्का बसला की सुटतात, धागा निघावा तशा. सुरुवातीच्या काही यंत्रांमध्ये गोळा एकाच दिशेत हलायचा, म्हणून यंत्रात झीज फारच कमी दिसायची आणि माणसात जास्त! आता घरची गोधडी आठवा. जुन्या साड्यांचे थर नुसते एकावर एक ठेवले तर सरकतात. आजीनं जवळजवळ टाके घातले की सरकत नाहीत. किरण म्हणजे ते टाके.

या टाके घातलेल्या प्लास्टिकला हायली क्रॉसलिंक्ड पॉलिथिन म्हणतात. १९९८-९९ च्या सुमाराला ते रुग्णांमध्ये वापरायला लागले. (जपानच्या ओनिशी यांनी १९७१ पासूनच किरण मारलेल्या वाट्या वापरल्या होत्या, पण जगानं तिकडे फारसं पाहिलं नाही.) जुन्या प्लास्टिकची झीज वर्षाला ०.१ ते ०.२ मिलिमीटर, नव्याची साधारण ०.०५ च्या खाली. हे का महत्त्वाचं, तर वर्षाला ०.१ च्या खाली झीज असली की हाड पोखरलेलं क्वचितच दिसतं, असा अनुभव आहे. ऑस्ट्रेलियात १९९९ पासून सांध्यांची राष्ट्रीय नोंदवही आहे, तिच्यातही नव्या प्लास्टिकवाल्यांची पुन्हा ऑपरेशनं स्पष्टपणे कमी आहेत.

फुकट काही मिळत नाही, अर्थात. टाके वाढवले की गोधडी ताठर होते. हे प्लास्टिक झिजत कमी, पण तडा जाण्याची शक्यता थोडी जास्त. विशेषतः वाटी पातळ असेल आणि काठाला मानेचा धक्का बसत असेल तर. मांडी घालून, उकिडवं बसू नका असं जे सांगतात त्याचं हेही एक कारण. आणि मोठा गोळा हवा म्हणून वाटी पातळ करायची, ही तडजोड सर्जन दर वेळी करत असतो.

आणि पाकिटाचा धडा जुना झालाय असं वाटत असेल तर ऐका. २०२१-२२ मध्ये अमेरिकेतल्या एक्झॅक्टेक कंपनीनं आपल्या प्लास्टिकच्या वाट्या परत मागवल्या. कारणांतलं मुख्य कारण? पाकिटाच्या पिशवीत ऑक्सिजन अडवणारा एक थर नव्हता. २००४ पासूनच्या मालात. एक पातळ थर, लोणच्याच्या पाऊचला जो असतो त्या जातीचा.

आता आत्याकडे परत येते.

आत्या सांगलीची, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. २००३ मध्ये संधिवातानं खुबा गेला तेव्हा ती ५२ वर्षांची. ऑपरेशन छान झालं. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, त्या सर्जनांनी तिला वीस वर्षं चालवलं. तिनं शाळेच्या सहली काढल्या, माझ्या लग्नात सगळ्यांच्या पुढे नाचली. तक्रार आहे ती एका ओळीबद्दल. डिस्चार्ज कार्डावर शेवटी लिहिलंय, "त्रास झाल्यास दाखवणे." आत्या शिस्तीची बाई. त्रास झाला नाही, तिनं दाखवलं नाही. २००५ नंतर एकही एक्स-रे नाही. अठरा वर्षं.

२०२३ च्या गणपतीत तिला जांघेत थोडं ओढल्यासारखं व्हायला लागलं. दुखणं नाही, "ओढतं गं" एवढंच. तिच्या मुलानं नेलं म्हणून एक्स-रे निघाला.

एक्स-रेमध्ये प्लास्टिक दिसत नाही, हे लक्षात ठेवा. दिसते ती धातूची करवंटी आणि धातूचा गोळा, मध्ये रिकामी काळी फट. ती फट म्हणजे वाटी. नव्या सांध्यात फट सगळीकडून सारखी. आत्याच्या एक्स-रेत वर फट अरुंद, खाली रुंद. आपण सामान्य माणसंसुद्धा बघू शकू इतकी. आणि करवंटीच्या मागे हाडात एक काळसर जागा, लिंबाएवढी. सीटी स्कॅनमध्ये ती अजून मोठी निघाली. साध्या एक्स-रेत या पोकळ्या कमीच दिसतात.

डॉक्टरांनी जुना एक्स-रे मागितला. झीज कुठल्या वेगानं झाली हे एका चित्रावरून नाही कळत, दोन लागतात. शिवाय पहिली वर्ष-दोन वर्षं प्लास्टिक नुसतं दबून बसतं, ती झीज नसते, तीही वजा करायची असते. तर २००३ ची फिल्म कुठे? माझ्या आतेभावानं तोंड पाडून सांगितलं, जानेवारी २०१० च्या सूर्यग्रहणाला कापून सगळ्या वाड्यात वाटली होती. (एक्स-रेच्या फिल्ममधून ग्रहण बघायचं नसतं, डोळे जातात. हे त्याला आता दोन कारणांसाठी पाठ झालंय.) सुदैवानं २००५ ची फिल्म गादीखाली होती.

मग दुसरा प्रश्न, करवंटी कुठल्या कंपनीची? करवंटी हाडात घट्ट होती, म्हणजे ती उपटायची गरज नव्हती. फक्त वाटी आणि गोळा बदलून, पोकळीत हाडाचा चुरा भरून काम झालं असतं. पण वाटी त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची, त्याच मापाची लागते. एकाच्या करवंटीत दुसऱ्याची वाटी खटकन बसत नाही. आणि चांगली बसलेली करवंटी काढायची तर सोबत आधीच पोखरलेलं हाड येणार. बाहत्तर वर्षांच्या बाईला ते ऑपरेशन वेगळंच.

सगळं एका स्टिकरवर अडलं होतं. इम्प्लांटच्या खोक्यावर स्टिकर असतात: कंपनी, मॉडेल, माप, लॉट नंबर. ऑपरेशननंतर ते केसपेपरवर चिकटवतात, एक प्रत रुग्णाला देतात. द्यायला हवी. जुन्या हॉस्पिटलकडे एवढ्या वर्षांपूर्वीचे पेपर उरले नव्हते. आम्ही आत्याचं घर पालथं घातलं. एलआयसीच्या पावत्या, १९८८ चं रेशनकार्ड, माझी चौथीची प्रगतिपुस्तकं (ती तिच्याकडे का आहेत, देव जाणे). तिसऱ्या दिवशी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, नाडीच्या रिळाखाली, पिवळ्या पावतीला चिकटलेले तीन स्टिकर सापडले. मॉडेल बंद झालेलं. विक्रेत्यानं शोधाशोध करून सहा आठवड्यांनी त्या मापाची वाटी आणली, नव्या प्लास्टिकची. ती मिळाली नसती तर जुन्या करवंटीत दुसरी वाटी सिमेंटनं चिकटवायचा पर्याय होता. तोही चालतो, पण डॉक्टरांचा तो दुसरा पसंतीक्रम होता.

स्टिकरवर निर्जंतुकीकरणाची पद्धतही होती: गॅमा किरण. आणि वाटी तयार झाल्याचं वर्ष १९९९. म्हणजे आत्याच्या अंगात जाण्याआधी ती चार वर्षं कुठल्यातरी कपाटात होती. आता यामुळे किती नुकसान झालं ते सांगता येत नाही, आणि मी कोणाला दोष देत नाही. पण मी त्या तारखेकडे बराच वेळ बघत बसले होते.

तुम्ही विशी-तिशीत आहात, तुम्हाला याचं काय? दोन गोष्टी.

एक, तुमच्या घरात बघा. आजी, काका, शेजारच्या वहिनी. दहा-पंधरा वर्षांपूर्वी खुबा बदललेलं कोणी असेल तर त्यांना विचारा, शेवटचा एक्स-रे कधी? "मला काही होत नाही" हे उत्तर येणार. तरी काढायला लावा. किती वर्षांनी काढायचा ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा. जुन्या प्लास्टिकवाल्यांना दहा वर्षांनंतर जास्त वेळा बोलावतात. फिल्म आणि स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढा, घरच्या ग्रुपवर टाका, शिवाय स्वतःच्या ईमेललाही पाठवा. ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या फुलांखाली तो पुरला जाणार, हे आपल्याला माहीत आहे. आपल्याकडे खुबा-गुडघ्याच्या सर्जनांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण तिच्यात नोंद करणं सक्तीचं नाही. उद्या एखादा लॉट परत मागवला तर तो कोणाच्या कमरेत आहे हे सांगणारा कागद बहुतेक तुमच्याच घरातल्या डब्यात असणार.

दोन, खुबा बदलणं हे आपल्याकडे फक्त म्हाताऱ्यांचं नाही. मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद होऊन तो ढासळतो, हे तिशी-चाळिशीतल्यांना होतं: स्टेरॉइडमुळे, दारूमुळे. विदर्भात सिकलसेलच्या मुलांना होतं. कोविडमध्ये स्टेरॉइड घेतलेल्या तरुणांमध्ये हे दिसल्याचं २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलं होतं. माझ्या ऑफिसातला एक मुलगा ३४ व्या वर्षी दोन्ही खुबे बदलून आला. तो मला विचारतो, "ताई, आयुष्यभर पुरेल ना?" त्याचं आयुष्य म्हणजे अजून पन्नास वर्षं. नव्या प्लास्टिकचा माणसातला अनुभव पंचविसेक वर्षांचा आहे आणि तो खरंच चांगला आहे. पन्नास वर्षांचा अनुभव जगात कोणाकडेच नाही. मी त्याला हेच सांगितलं. आणि तारीख ठरवून एक्स-रे काढत जा, असंही. त्यानं फोनवर रिमाइंडर लावला, दर दोन वर्षांनी, २०६० पर्यंत. तो तसाच आहे.

आत्याचं ऑपरेशन दीड तास चाललं. फक्त वाटी बदलल्यावर गोळा निसटण्याचा धोका थोडा जास्त असतो, म्हणून २८ ऐवजी ३२ चा गोळा बसवला. तीन महिने तिला खाली वाकू दिलं नाही, त्यामुळे घरातले सगळे तिच्या आज्ञेनं वाकत होते. आता जिना चढते. पोकळीत भरलेलं हाड धरतंय की नाही ते एक्स-रेच सांगणार.

नव्या डिस्चार्ज कार्डावरही शेवटी जागा होती. डॉक्टरांनी तिथे तारखा लिहून दिल्यात, पाच. आत्यानं पहिली तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात लाल पेनानं गोल केलीय, आणि पुढच्या वर्षांची कॅलेंडरं अजून आलेली नाहीत म्हणून बाकीच्या चार देवघराच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहिल्यात, शाळेतल्या फळ्यावर लिहायची त्याच अक्षरात. वाटी मला रविवारपर्यंत परत करायचीय.